मेल पाठवला, ११.४२

दिनांक १८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. सकाळी १०.५० पासून.

नाव : केतन चांगदेव घरत. वय : २९ वर्षे. शिक्षण : बी.एस्सी. आयटी. धंदा : नोकरी, कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणे. राहणार : मु. खारकोंडी, ता. उरण, जि. रायगड.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो असून तपासी अंमलदार मॅडमच्या समोर बसून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर वडील चांगदेव व आई सगुणा यांच्यासह राहतो. वडील पूर्वी मिठागरावर कामाला होते. मिठागरावर भराव पडल्यापासून ते घरीच असतात. मी चार वर्षांपासून न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावरील त्रिसागर वेअरहाउसिंग या यार्डात कामाला आहे. यार्डातले कॉम्प्युटरचे सगळे काम मी एकटा पाहतो. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मलाच हाक मारतात. मी लवकर चिडतो हे यार्डात सगळ्यांना माहीत आहे. हे मुद्दाम लिहून घ्यावे, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

आमच्या यार्डात बाहेरदेशातून आलेले काजू, कडधान्य, लाकूड असा माल उतरतो. त्यातली कीड मरावी म्हणून बंद कंटेनरमध्ये विषारी गॅस सोडतात. याला यार्डात 'औषध मारणे' म्हणतात. या गॅसला वास जवळजवळ नसतो. औषध मारलेला कंटेनर पूर्ण एक दिवस बंद ठेवायचा, नंतर दार उघडून दोन-तीन तास हवा खेळू द्यायची, आणि मगच माणसाने आत पाय ठेवायचा अशी पद्धत आहे.

औषध मारण्याचे काम भिकू रामा पाटील, वय ६१, हे बावीस वर्षांपासून करतात. त्यांना सगळे भिकूनाना म्हणतात. औषध मारून झाले की ते कंटेनरच्या दाराच्या दांड्याला लाल चिंधी बांधत. ही चिंधी त्यांच्या पत्नी रंगूबाई यांच्या जुन्या लुगड्याची असे. चिंधी आहे तोपर्यंत दाराला कोणी हात लावत नसे आणि ती सोडायची ती फक्त भिकूनानांनीच. दारावर कवटीच्या चित्राची पट्टीही चिकटवतात. पण प्रत्येक कंटेनरवर कुठल्या ना कुठल्या बंदरातली जुनी पट्टी असतेच, त्यामुळे पट्टीकडे कोणी बघत नाही. चिंधीकडे बघत.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये यार्डाचे मॅनेजर परेशभाई यांनी मला केबिनमध्ये बोलावले. परदेशातले ग्राहक यार्ड बघायला येणार होते. परेशभाई म्हणाले, "केतन, हे चिंधीबिंधी चांगला नाय दिसत. कायतरी सिस्टम बनव ने." मी हो म्हणालो. मला बरे वाटले. प्रिंटरमधला कागद ओढून काढण्यापेक्षा हे काम मोठे होते.

मी प्रोग्रॅम लिहिला तो असा. औषध मारून झाल्यावर भिकूनानांनी मोबाईलवर कंटेनरच्या नंबरातले शेवटचे चार आकडे टाकायचे. ते गेटवरच्या कॉम्प्युटरकडे येतात. तिथला माझा प्रोग्रॅम गोदामाच्या ऑफिसला मेल पाठवतो, की अमुक कंटेनरला औषध मारले आहे, अमुक वेळेपर्यंत उघडू नये. गोदामाच्या ऑफिसमध्ये क्लार्क हेमांगी दत्ताराम ठाकूर, वय २४, या आहेत. त्यांनी सकाळी मेल बघून तो लाल कागदावर छापायचा आणि हमालांच्या शेडमधल्या फळ्यावर लावायचा. कागद असेल तर त्या कंटेनरला हात लावायचा नाही. कागद नसेल तर कंटेनर मोकळा.

हा शेवटचा नियम मी ठरवला. परेशभाईंनी नाही, हेमांगीने नाही. आज बघताना तो उलटा दिसतो. कंटेनर मोकळा असल्याचा कागद आल्याशिवाय दार उघडायचे नाही, असा नियम हवा होता. चिंधी वाऱ्याने पडली तर खाली पडलेली तरी दिसते. न आलेला मेल कोणालाच दिसत नाही. हे मला तेव्हा सुचले नाही.

भिकूनानांना सुचले होते. ज्या दिवशी मी त्यांना चिंधी बंद करायला सांगितले, त्या दिवशी ते शेडमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "चिंदी लांबून दिसतं रं पोरा. तुझा मेल कंच्या दांड्याला बांधू?" मी म्हणालो, "नाना, जग कुठं गेलं आणि तुम्ही लुगड्यातच अडकलात." सगळे हसले. मीही हसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. शेडमध्ये त्या दिवशी सगळ्यांत शहाणा मी होतो.

प्रोग्रॅम मेल कसा पाठवतो, असे मॅडमनी विचारल्यावरून सांगतो की, मेल पाठवण्याचा सगळा कोड मी लिहिलेला नाही. त्यासाठी तयार लायब्ररी मिळते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून आणि तपासून ठेवलेला कोड. ती लायब्ररी मेल कंपनीच्या सर्व्हरशी जोडून घेते आणि दोघांचे बोलणे होते. आधी आमचा प्रोग्रॅम नाव आणि पासवर्ड सांगतो, मग पाठवणारा कोण, घेणारा कोण, मजकूर काय. प्रत्येक वाक्याला सर्व्हर एका आकड्यात उत्तर देतो. मजकूर संपल्यावर २५० हा आकडा आला तर मेल घेतला. पाचशेच्या घरातला आला तर नाकारला. नाकारला असेल तर लायब्ररी तसे ओरडून सांगते. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे रजिस्टर पोस्टाच्या पोचपावतीसारखं." मी हो म्हणालो. लायब्ररीचा यात काही दोष नाही. ती ओरडत होती. तिचे तोंड मी बांधून ठेवले होते.

ते असे झाले. मागच्या वर्षी मेअखेरीस यार्डातले नेट सारखे जात असे. मेल गेला नाही की गेटच्या कॉम्प्युटरवर लाल चौकट येई, आणि ती बंद केल्याशिवाय पुढच्या ट्रकची नोंद होत नसे. ट्रकची रांग रस्त्यावर जाई आणि परेशभाई मला फोनवर वाट्टेल ते बोलत. दि. ३ जून रोजी मी वैतागून प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या. त्यांचा अर्थ असा की, चूक आली तर काही करू नकोस, गप पुढे जा. त्या ओळींसमोर मी स्वतःसाठी टिपण लिहिले होते. ते 'नंतर बघू' असे आहे.

दुसरी गोष्ट. प्रोग्रॅम स्वतःची एक नोंद ठेवतो. तीच नोंद भिकूनानांच्या मोबाईलवर हिरव्या खुणेसह दिसते. सुरुवातीला त्या जागी 'मेल पाठवत आहे' असे येई आणि सर्व्हरचे उत्तर आल्यावर 'मेल पाठवला' होई. पण नेट सावकाश असल्यामुळे भिकूनाना तोंडावरचा मास्क काढून, मोबाईल हातात धरून दहा-दहा मिनिटे उन्हात उभे राहत. मला ते बघवेना. मी 'मेल पाठवला' ही ओळ आधी आणली आणि पाठवण्याचे काम तिच्यानंतर ठेवले. आधी कळस मग पाया असा प्रकार झाला. या दोन्ही गोष्टींमुळे, मेल गेला काय किंवा न गेला काय, नोंद 'मेल पाठवला' अशीच होणार होती. आठ महिने मेल जात राहिले म्हणून ते कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

मेल जायचा का थांबला, असे विचारल्यावरून सांगतो की, मेल कंपनीने जुन्या पद्धतीचा पासवर्ड ११ फेब्रुवारीपासून बंद केला. त्याबद्दल त्यांनी तीन वेळा कळवले होते. ते मेल, ज्या खात्यातून माझा प्रोग्रॅम सूचना पाठवतो, त्याच खात्यावर आले होते. त्या खात्याचे नावही मी 'सूचना' असेच ठेवले आहे. ते फक्त पाठवण्यासाठी असल्यामुळे उघडून कोणी बघत नाही. मी बुधवारी दुपारी उघडले तेव्हा त्यात न वाचलेले १,९०६ मेल होते.

दि. ११ फेब्रुवारी रोजी, मंगळवारी, भिकूनानांनी सकाळी ११.४० च्या सुमारास कच्च्या काजूच्या कंटेनरला औषध मारले. त्याचे शेवटचे आकडे ४४१७. त्यांनी मोबाईलवर नंबर टाकला. 'मेल पाठवला, ११.४२' असे आले आणि हिरवी खूण आली. ती बघून ते आमच्या दुसऱ्या यार्डात कामाला गेले. सर्व्हरने पासवर्डलाच नकार दिला होता. ४४१७ मध्ये दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत कोणी पाय ठेवायचा नव्हता.

दि. १२ फेब्रुवारी रोजी, बुधवारी, हेमांगीने ८.३० ला ऑफिस उघडले. औषधाचा एकही मेल नव्हता. हेमांगी एक वही ठेवते. रोज कोणता मेल किती वाजता आला ते ती हाताने त्यात लिहिते. मी तिला पुष्कळदा चिडवले होते की, "मेलमध्ये वेळ असतेच, ही वही काय म्युझियमला द्यायची आहे?" ती म्हणे, "असू द्या. माझ्या जिवाला बरं." त्या दिवशीच्या पानावर तिने '८.४०. औषधाचा मेल नाही' असे लिहिले आहे. ते पान मी पाहिले आहे.

त्यानंतर ८.४६ ला तिने मला फोन केला. मी तेव्हा घरी न्याहारी करत होतो. ती म्हणाली, "केतनदादा, आज एक पन मेल न्हाय. बरोबर हाय ना?" मी म्हणालो, "मेल नाही म्हणजे मोकळा. किती वेळा सांगू तुला?" आणि फोन ठेवला. मी काहीही तपासले नव्हते. हे बोलणे ३१ सेकंदांचे आहे, माझ्या फोनमध्ये दिसते. त्या एकतीस सेकंदांत एकदाही मला वाटले नाही की, ती विचारते आहे तर आपण बघावे.

तिने शेडमध्ये जाऊन हमालांचे मुकादम तुळशीराम कान्हा भोईर, वय ४७, यांना कागद नसल्याचे सांगितले. तुळशीराम हेमांगीच्याच आळीत राहतात. ती त्यांना काका म्हणते. आमच्या यार्डातल्या हमालांमध्ये पद्धत आहे की, कंटेनरमध्ये पहिला पाय मुकादमाचा. आत गोणी सरकलेली नाही, अंगावर येणार नाही, हे त्याने बघायचे आणि मग टोळीला बोलवायचे. तुळशीराम दार उघडून आधी कंटेनरच्या तळाच्या फळीला हात लावून तो कपाळाला लावत. त्याप्रमाणे ९.४० ला ते ४४१७ मध्ये एकटेच गेले.

पंधरा मिनिटांनी ते बाहेर आले. डोके जड झाले म्हणाले, पाणी प्याले, आणि मागच्या थराच्या गोणी कललेल्या आहेत असे सांगून परत आत गेले. १०.०५ ला टोळीतल्या दोघांनी त्यांना गोणींवर पडलेले पाहिले आणि बाहेर ओढले. त्या दोघांनाही उलट्या झाल्या. ते आता घरी आहेत. मी १०.१० ला यार्डात पोचलो. तुळशीराम शेडमध्ये फळ्याखाली पडले होते आणि त्यांचे हात आपोआप झटके देत होते. फळ्यावर कागद नव्हता. हेमांगी त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. त्यांना पनवेलच्या दवाखान्यात नेले. ते आजही अतिदक्षता विभागात आहेत.

दुपारी एक वाजता मी दार लावून घेऊन प्रोग्रॅम उघडला. काय झाले ते कळायला मला चार मिनिटे लागली. त्यानंतर मी जे केले ते सांगतो. मी कोणाला हाक मारली नाही. मी आधी प्रोग्रॅम दुरुस्त केला. 'मेल पाठवला' ही ओळ सर्व्हरचे उत्तर आल्यानंतर ठेवली, त्या दोन ओळी काढल्या, पासवर्डची नवी पद्धत घातली आणि एक मेल पाठवून पाहिला. तो गेला. आठ महिने 'नंतर बघू' म्हणून पडलेले काम वीस मिनिटांत झाले. जुना प्रोग्रॅम मी पुसलेला नाही. तो, 'सूचना' खात्यातले कंपनीचे तीन मेल आणि सर्व्हरने दिलेला नकार पेन ड्राइव्हवर घेऊन आज जमा करत आहे.

चार वाजता परेशभाईंनी विचारले, "मेल गेला होता के नाय, लिहून दे." मी नोंदीचा कागद छापून दिला. त्यावर 'मेल पाठवला, ११.४२' असे होते. मी त्याच्या पुढे मागे एक शब्द बोललो नाही. ती नोंद खोटी आहे हे मला तेव्हा तीन तासांपासून माहीत होते.

त्या कागदावरून असे ठरले की, मेल आला होता आणि हेमांगीने तो न बघता पुसला. तिने वही दाखवली. परेशभाई म्हणाले, "हाताने लिहिलेला कोण मानेल? कॉम्प्युटर थोडा खोटा बोलेल?" तिने मला फोन केल्याचेही सांगितले. परेशभाईंनी मला बोलावून विचारले, तेव्हा मी आठवत नाही असे म्हणालो. कॉम्प्युटर खोटे बोलत नाही हे बरोबर आहे. जे शिकवले तेच तो बोलतो. तिची वही तिने लिहिली होती आणि कॉम्प्युटरची नोंद मी लिहिली होती. फरक एवढाच की माझे अक्षर कोणाला ओळखू आले नाही.

गुरुवारी हेमांगीला कामावर येऊ नको म्हणून सांगण्यात आले. त्याच दिवशी तुळशीरामचे दोन भाऊ तिच्या दारात येऊन बोलून गेले. काय बोलले ते मी ऐकलेले नाही, पण तिचे वडील तेव्हापासून नाक्यावर येत नाहीत. बुधवार ते सोमवार या दिवसांत हेमांगीने मला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तिने एकच विचारले. "केतनदादा, तुमच्या मशीनमदे दिसंल ना, मेल आलावता का न्हाय? बघा ना जरा." तिन्ही वेळा मी "बघतो" म्हणालो. तिला वाटत होते की मी तिच्या बाजूने शोधतो आहे. तिसऱ्यांदा तिने मला थँक्यू म्हटले.

शनिवारी मी दवाखान्यात गेलो होतो. लिफ्टपाशी तुळशीरामच्या पत्नी भेटल्या. त्यांना माझ्याबद्दल काही माहीत नव्हते. त्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या, "माना वलखत न्हाय. येल त्याला इचारतान, कागद आलाय का, कागद आलाय का." मी वर गेलो नाही. खालूनच परत आलो.

भिकूनाना मला काही बोलले नाहीत. शनिवारपासून ते परत चिंधी बांधू लागले आहेत. कोणाची परवानगी घेतलेली नाही आणि परेशभाईंनीही त्यांना अडवलेले नाही. मी समोरून आलो की ते चिंधीची गाठ नीट बसली का ते बघत राहतात. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

रविवारी जेवताना वडिलांनी मला काय झाले आहे ते विचारले. मी घरात सगळे सांगितले. आई म्हणाली, "तुला कोनी इचारलंय काय? मंग गप ऱ्हा." आईचे चुकले असे मी म्हणणार नाही, मी पाच दिवस तेच करत होतो. मिठागरावरच्या माणसाच्या घरात मिठाची गुळणी धरायला वेगळे शिकावे लागत नाही. वडिलांनी हात धुतले. मग म्हणाले, "खाडीची उघाडी ज्याच्या हातनं उघडी ऱ्हायली, त्यानंच पैला बोंबलायचा आसतं. दुसऱ्याला कलंपरत पानी लोकांच्या घरात जातं." उघाडी म्हणजे बांधातले भरतीचे पाणी अडवायचे दार. पाणी लोकांच्या घरात जाऊन चार दिवस झाले होते.

सोमवारी संध्याकाळी मी परेशभाईंना खरे सांगितले. ते घाबरले. मग म्हणाले, "तांत्रिक बिघाड झाला असा लिहून टाकू. कोणाचाच नाव नको. ती पण सुटेल, तू पण सुटेल." हेमांगी सुटेल हे ऐकून मला पहिल्यांदा हायसे वाटले, हे मी लपवत नाही. रात्रभर मी तोच विचार केला. पण बिघाड म्हटले की त्यात कोणाची वेळ नसते, कोणाचा फोन नसतो. मग गावात उरले असते ते एवढेच, की मशीन बिघडले होते म्हणतात, पण त्या पोरीनेही बघितले नसेल. तुळशीरामचे भाऊ परत तिच्याच दारात गेले असते. आणि एखाद्या यार्डात माझ्यासारखा कोणी वैतागून परत त्याच दोन ओळी घालेल.

आज सकाळी १०.१५ ला मी ठाण्यात आलो. बाहेरच्या बाकावर हेमांगी बसली होती. तिला आज चौकशीला बोलावले आहे हे मला माहीत नव्हते. तिच्या मांडीवर ती वही होती. मला बघून ती उठली. तिला वाटले मी तिच्यासाठी आलो आहे. ती म्हणाली, "केतनदादा, बघितलंत?"

मी म्हणालो, "बघितलं. बुधवारीच बघितलं, दुपारी एक वाजता. मेल गेलाच नव्हता."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग वही उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मी माफी मागायची म्हणून शब्द ठरवून आलो होतो. ते बोलण्यासारखे राहिले नाहीत. मॅडमनी आत बोलावले तेव्हा मी आत आलो.

तरी मी सांगतो की, दि. ११ रोजीची 'मेल पाठवला, ११.४२' ही नोंद खोटी आहे आणि ती खोटी होईल असा प्रोग्रॅम मी लिहिला. हेमांगी ठाकूर यांना मेल आला नव्हता. त्यांनी तो पुसलेला नाही. त्यांनी मला फोन करून विचारले होते आणि मी न बघता उत्तर दिले. त्यांची वही खरी आहे.

माझे म्हणणे मॅडमनी कॉम्प्युटरवर घेतले. ते छापून मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवले. त्यात एके ठिकाणी 'तांत्रिक बिघाडामुळे मेल गेला नाही' असे होते. ते शब्द मी काढायला सांगितले व त्या जागी मी सांगितलेले घातले. या जबाबामुळे माझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, वकिलाला विचारून उद्या सही केली तरी चालेल, असे मॅडमनी मला समजावले. मला ते समजले. आधी केलेल्या नोंदीवर मी न बघता 'पाठवला' लिहिले होते. हा जबाब मी ऐकून, बघून, आजच सही करत आहे. मी बोललो तसाच तो आहे. तो बाहेर बसलेल्या हेमांगी ठाकूर यांनाही वाचून दाखवावा, एवढी माझी विनंती आहे.

सही : केतन चां. घरत
वेळ : दुपारी १.०५

माझ्या समक्ष,
तपासी अंमलदार

शेरा : जबाब देणार यांच्या विनंतीवरून वरील जबाब हेमांगी दत्ताराम ठाकूर यांना बाकाजवळ वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. काही म्हणायचे आहे का, असे विचारले असता नाही म्हणाल्या. पेन मागून घेऊन आपल्या वहीत आजच्या तारखेखाली '१.२५. केतन घरत यांचा जबाब ऐकला' असे लिहिले.